गुडघ्यांत धरायचं वाद्य

चेलो बसून वाजवतात. तो व्हायोलिनच्याच घराण्यातला, पण खांद्यावर मावणारा नाही. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभा धरायचा, त्याची मान आपल्या डाव्या कानाशी येते, आणि उजव्या हातातला बो, म्हणजे गज, चार तारांवरून आडवा ओढायचा. हे मी आयुष्यात इतक्या जणांना समजावून सांगितलंय की आता ते झोपेतही सांगेन. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मग माझ्या गुडघ्यांकडे बघतात. मी पन्नाशी ओलांडली तरी बघतात. बघू देत. याच गुडघ्यांत वाद्य धरून मी पोट भरलं, आईवडलांना सांभाळलं, आणि आता गावातल्या मुलींना शिकवते.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत. बाजारहाट बोर्ली पंचतनला, सरकारी कामं श्रीवर्धनला, आणि मुंबईला जायचं तर म्हसळा, माणगाव करत एस.टी.नं. माझे वडील, म्हणजे आबा, मुंबईत पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यामुळे मी वाढले पोलीस लाइनीत, आणि मे महिन्यात व गणपतीच्या सुट्टीत गावी.

वाजवण्याशी आमच्या घराचं जुनं भांडण आहे. आजोबांच्या तरुणपणापर्यंत गावच्या उत्सवात ढोल वाजवायचं काम आमच्या घराकडे होतं. काम कसलं, सक्तीच ती. पालखी निघाली की ढोल हवाच, आणि ढोल वाजवणाऱ्यानं पालखीपासून लांब राहून चालायचं, हेही हवंच. धर्मांतरानंतर आजोबांनी तो ढोल गावाच्या पारावर नेऊन ठेवला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "आजपास्नं ज्याची पालखी त्यानं वाजवावा." त्यानंतर गावानं त्यांना शेतावर बोलावणं बंद केलं. ते मुंबईला गोदीत गेले. म्हणून पुढं आबा बँडमध्ये लागले तेव्हा आजोबांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. "ढोल सोडला तो काय पिपाणी धरायला?" असं ते आईला ऐकवायचे. आबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बा, तो ढोल गावाचा होता. ही पिपाणी माझी हाय."

आबा कागदावरच्या पाच रेघांवरचं पाश्चात्त्य नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचत. मला बाराखडीच्या मागोमाग त्यांनी तेही शिकवलं. मुलगा नव्हता म्हणून शिकवलं, असं शेजारी म्हणायचे. आबा म्हणायचे, मुलगा असता तर त्याला कंटाळा आला असता.

बँडमध्ये मुलींना घेत नव्हते. मग एका रविवारी आबा मला त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या वादकाकडे घेऊन गेले. हेच पुढं माझे सर. मूळचे गोव्याकडचे ख्रिश्चन, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये चेलो वाजवून निवृत्त झालेले. दोन खोल्यांच्या घरात बायकोच्या फोटोशेजारी त्यांचा चेलो भिंतीला टेकलेला असायचा. आबा त्यांच्याशी कुठल्याशा नोटेशनबद्दल बोलत होते आणि सरांनी एक सूर दाखवायला म्हणून सर्वांत जाड तार ओढली. मी लाकडी बाकावर बसले होते. तो बाक थरथरला आणि ती थरथर माझ्या पोटात आली. मला तोवर वाटायचं, आवाज कानालाच कळतो.

"मला हे शिकायचंय," मी म्हटलं.

सरांनी माझा हात हातात घेऊन बोटं ताणून पाहिली. मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "हाथ बडा है. लेकिन बाजा भी बडा है. बीच में छोडेगी तो मेरा टाइम मत खराब कर."

"नाही सोडणार."

"सब बोलते हैं." पण पुढच्या रविवारी ये म्हणाले, आणि पुढं सरावासाठी एक जुना चेलोही घरी न्यायला दिला.

आईला मात्र हे पटेना. तिला सूर खटकला नाही, बसणं खटकलं. लाइनीतल्या एका बाईनं तिला जिन्यात गाठून विचारलं होतं, "तुमची पोरगी मांडीत काय घेऊन बसते म्हणे?" आई त्या संध्याकाळी जेवली नाही. आबांनी बाजू मांडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना म्हणाली, "तुम्ही गणवेश घालून वाजवता. तिला कोण गणवेश देणार?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कापड आणून तिनं मला घेरदार सलवार शिवली. इतकी घेरदार की दोन्ही गुडघे झाकून खाली कापड उरायचं. ती घालून मी वाजवायला बसले तेव्हा तिनं चारही बाजूंनी फिरून पाहिलं, आणि मग दार उघडून जिन्यात गेली. ती बाई तिथंच होती. आई तिला म्हणाली, "वाद्य घेऊन बसते माझी पोरगी. तुमचा पोरगा काय घेऊन बसतो, ते रोज संध्याकाळी जिन्यात वास येतो तेव्हा कळतं आम्हाला." त्यानंतर लाइनीत माझ्या बसण्याबद्दल कुणी तोंड उघडलं नाही.

सर कडक होते. लाइनीतल्या पातळ भिंतींमुळे मला हळू वाजवायची सवय लागली होती. बो तारेवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. सरांनी ते एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा माझा हातच धरला. "किससे छुपा रही है?" मग मला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "हळू वाजवणं वेगळं आणि घाबरून वाजवणं वेगळं. तुझं दुसरं आहे. आता खिडकी उघड आणि रस्त्यावरच्या त्या माणसाला ऐकू जाईल असं वाजव." खाली एक केळेवाला होता. त्यानं वर पाहीपर्यंत सरांनी मला थांबू दिलं नाही.

कॉलेज संपता संपता मी त्यांच्या शिफारशीवर रेकॉर्डिंग स्टुडिओत जायला लागले. तिथं सगळे पुरुष. दोन बायका व्हायोलिनला होत्या, चेलोला मी एकटी. पहिल्या दिवशी मला स्टुडिओतल्या माणसानं गायिकांच्या खोलीत नेऊन बसवलं. मी वाद्य दाखवलं तर म्हणाला, "कोणाचं घेऊन आलात?" काही वर्षांनी वादकांची गर्दीच ओसरली. कॉम्प्युटर आला. मग मला एकटीला बोलावायचे, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायचे आणि एकावर एक चढवून मोठा ताफा उभा करायचे. मी घरी येऊन आईला सांगितलं, "आज माझ्या सात जुळ्या बहिणी माझ्याबरोबर वाजवत होत्या." आई म्हणाली, "मग सातजणींचा पगार दिला का?" तिला हिशेब बरोबर कळला होता.

स्टुडिओचं काम आटल्यावर मी एका वाद्यवृंदाची चाचणी दिली. वाजवून झाल्यावर समितीतल्या एकानं कौतुकानं विचारलं, "तुम्ही गोव्याच्या का?"

"रायगड जिल्हा."

"नाही, म्हणजे घरात संगीत कुणाकडून आलं?"

"वडील पोलीस बँडमध्ये होते."

ते हसले. वाईट हसले असं नाही, पण शेजाऱ्याकडे बघून हसले. मला घेतलं आणि चेलोच्या शेवटच्या, म्हणजे मानानंही शेवटच्या खुर्चीवर बसवलं. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या, त्यावर माझ्यानंतर आलेले, माझ्याकडून बो कसा धरावा हे विचारून गेलेले लोक बसत गेले. मी एकदा सरळ विचारलं. तेव्हा सांगण्यात आलं की पुढं बसणाऱ्याला परदेशी पाहुण्यांशी बोलावं लागतं आणि माझं इंग्रजी जरा तसं आहे. मी म्हटलं, "माझा चेलो मराठीत वाजतो का?" खुर्ची बदलली नाही. मैत्रिणी म्हणाल्या, सोडून दे, अपमान कशाला सोसतेस. मी सोडलं नाही. मी गेले असते तर त्यांना किती सोपं गेलं असतं! मी शेवटच्या खुर्चीवर बसून जाड तार अशी वाजवायचे की पहिल्या खुर्चीवरच्याला मागं वळून बघावं लागे. असा सुखाचा सूड दुसरा नसेल.

त्याच काळात मुंबईतल्या एका मोठ्या शाळेत मी चेलो शिकवत होते. मुलं गोड होती. आईबापांना मात्र परीक्षांच्या ग्रेड हव्या असत, चेलो नव्हे. लॉकडाउन लागताच शाळेनं तंतुवाद्यांचा वर्गच बंद केला आणि लहान मापाचे तीन चेलो, सांधे उकललेले, कोठीत टाकून दिले. मी रीतसर मागितले. घेऊन जा, जागा होईल, असं उत्तर आलं. सांधे मी चिकटवून घेतले.

तोवर आई गेली होती आणि आबा गावी एकटेच राहत होते. किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्या घराचे पत्रे, पोफळी, शेजारच्या विहाराचं छप्पर, सगळं उडालं. आबा पलंगाखाली क्लॅरिनेट पोटाशी धरून झोपले होते. मी महिनाभरासाठी म्हणून आले, पत्रे बसवले, भिंत लिंपली, आणि परत गेले ती वाद्यवृंदाचा निरोप घेऊन सामान आणायलाच.

सामान दोन खेपांत आणलं. माझा चेलो मी एस.टी.त शेजारच्या सीटवर उभा केला होता. माणगावला गाडी बदलल्यावर कंडक्टर आला. "यात काय हाय?"

"वाद्य."

"सीटवर बसलंय म्हणजे तिकीट लागंल."

"द्या. पूर्ण द्या. मग त्याला उठवायचं नाय कुणासाठी."

त्यानं तिकीट फाडलं आणि म्हसळ्यात गर्दी झाली तेव्हा एका माणसाला स्वतःच सांगितलं, "ती सीट भरलीय, मागं जा."

समुद्राजवळ चेलो ठेवणं सोपं नाही. हवेतल्या ओलाव्यानं लाकूड फुगतं, सांधे सुटतात, तारा ताणायच्या खुंट्या घट्ट बसतात नाहीतर सैल होऊन फिरतात. मी एका लाकडी कपाटात पिवळा बल्ब लावला आणि पावसाळाभर चारही चेलो त्यात ऊब घेत उभे ठेवले. आबा म्हणाले, "अंडी उबवल्यासारखं करतेस." मग म्हणाले, "पण इथं वाजवणार कुणासाठी?"

"शिकवीन."

"कुणाला?"

पहिल्या दोघी समोरच्याच घरातल्या बहिणी. त्यांची आई अंगणवाडीत. मोठी दहावीला, धाकटी सातवीत. त्या पायरीवर येऊन बसायच्या आणि मी थांबले की धाकटी विचारायची, "संपलं व्हय?" एक दिवस मी तिला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. तिसरी आली ती वरच्या बाजूच्या गावातली, भातशेती करणाऱ्या कुणबी घरातली. ती धाकटीच्या वर्गात होती. तिला घेऊन तिची आई आली. आई आत आली नाही, पायरीवर बसून राहिली. मी चहा ठेवला. तिनं कप हातात घेतला आणि तास संपल्यावर भरलेलाच खाली ठेवला. दुसऱ्या आठवड्यात मी चहा केलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं आत डोकावून विचारलं, "आज पण चहा न्हाय का?"

"तुम्ही घेत न्हाय."

ती पायरीवरून उठून उंबऱ्याशी आली. मग म्हणाली, "आज घेते." घेतला, आणि त्यानंतर आत, खुर्चीवर बसायला लागली.

सगळेच असे सुधारले नाहीत. हरिहरेश्वरकडच्या एका रिसॉर्टच्या मालकांनी निरोप पाठवला की त्यांच्या मुलांना शिकवायला घरी या, गाडी पाठवतो. मी म्हटलं, त्याच गाडीनं मुलांना पाठवा. "तिकडं? वाडीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तिकडं, वाडीत." मुलं आली नाहीत. मला त्याचं वाईट मुलांपुरतंच वाटलं.

आणि मग अध्यक्ष आले. हे आमच्या पंचक्रोशीतलं एक हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, आणि गावच्या उत्सव समितीतही त्यांचाच शब्द चालतो. बोलायला गोड. ओट्यावर बसले, आबांची तब्येत विचारली, माझं मुंबईतलं नाव ऐकून आहोत म्हणाले. मग मुद्द्यावर आले. "यंदा पालखीला तुम्ही वाजवावं अशी समितीची इच्छा आहे. नाहीतरी तुमच्या घराण्याकडं तो मान पूर्वीपासून आहे."

मी काही बोलायच्या आत आतून आबांचा आवाज आला. ऐंशी पार केलेला माणूस, पण बँडमधला श्वास शाबूत. "साहेब, तो मान आम्ही पारावर ठेवला होता. तिथंच असंल अजून. बघा."

अध्यक्ष हसले. "काका, काळ बदलला. आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही."

"मग तर सोपं हाय," मी म्हटलं. "तुमच्या घरातलं कुणीतरी ढोल घ्या, मी वाजवायला शिकवते."

ते चहा पिऊन गेले. हे इथं सांगायला हवं, कारण त्यानंतर काही महिन्यांनी जे झालं ते निव्वळ गुडघ्यांवरून झालं असं मला अजून वाटत नाही.

त्या हायस्कुलात माझ्या तिन्ही मुली शिकत होत्या. तिथल्या मुख्याध्यापिका तरुण होत्या. मुली काहीतरी वेगळं शिकतायत हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्यांना स्नेहसंमेलनात वाजवायला लावलं. आम्ही दोन गोष्टी बसवल्या. एक युरोपातली संथ चाल, आणि एक आमच्याकडच्या जाखडी नाचाची चाल. तिच्यावर शिमग्यात, गणपतीत बाप्ये गोल करून नाचतात, ती चेलोवर अशी ठेक्यात येते की खुर्चीत बसवत नाही. मुलींच्या सलवारी बहिणींच्या आईनं शिवल्या. मी आईच्या मापाचा घेर सांगितला होता.

संमेलनाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. मुलींनी बसून पहिली चाल सुरू केली आणि अध्यक्ष मंडपात आले. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"मुख्याध्यापिका बाई, हे काय?"

"सर, चेलो आहे."

"ते दिसतंय. मुलींनी असं बसायचं? समोर गावातली मोठी माणसं असणार." मग ते माझ्याकडं वळले. "हे एका बाजूला पाय घेऊन नाही का वाजवता येत?"

"येतं," मी म्हटलं. "पूर्वी युरोपात बायकांना तसंच बसायला लावायचे. पाठ मोडायची, सूर बिघडायचा. बायकांनी ते सोडून दिलं, त्याला शंभरावर वर्षं झाली असतील."

"हे युरोप नाही, बाई."

"म्हणून तर एवढं कापड लावलंय."

मुख्याध्यापिका हसू दाबत होत्या. ते अध्यक्षांनी पाहिलं, आणि तिथं गोडवा संपला. "हार्मोनियम आहे शाळेत. त्यावर बसवा काहीतरी. नाहीतर हा कार्यक्रम वगळा."

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला होता. त्यांची नोकरी त्याच माणसाच्या हातात, त्यांनी काय करावं? धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा बो अजून तारेवर होता. "बाई, आपण वाजवणार न्हाय का?"

"वाजवणार," मी म्हटलं. "इथं न्हाय."

खरं सांगायचं तर तेव्हा कुठं ते मलाही माहीत नव्हतं. चेलो मिनीडोअर रिक्षात घालताना मी विचार करत होते. विहारात वाजवलं असतं, सगळे आपलेच आले असते, टाळ्या झाल्या असत्या. पण मग अध्यक्षांचंच खरं झालं असतं. तुमचं तुमच्या वाडीत. माझं डोकं तापलं होतं, आणि तापलेल्या डोक्यानं मला बोर्लीचा एस.टी. स्टँड आठवला. तिथं सगळ्या गावांची माणसं येतात आणि कुणाला आमंत्रण लागत नाही.

रात्री मी दोन्ही घरी जाऊन विचारलं. बहिणींच्या आईनं क्षणात हो म्हटलं. कुणबी मुलीची आई म्हणाली, "तिचा बाप कामावर असंल, मी पाठवते." आबा म्हणाले, "मी येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी, संमेलन सुरू व्हायच्या वेळेला, आम्ही स्टँडवर चार खुर्च्या मांडल्या. वाहतूक नियंत्रक केबिनमधून बाहेर आला. "हे काय चाललंय? परवानगी लागते."

"कुणाची?"

"म्हणजे… तशी माझीच."

"मग द्या."

त्यानं मुलींकडं पाहिलं, चेलोंकडं पाहिलं, बाकावर छडीवर हात ठेवून बसलेल्या आबांकडं पाहिलं. "गाडी लागली की थांबायचं," तो म्हणाला. "घोषणा ऐकू आली पाहिजे."

सुरुवात वाईट झाली. वारा होता, मोठीची एक खुंटी फिरली आणि तार उतरली. ती मी लावून दिली. संथ चाल सुरू झाली तेव्हा पानाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "कोण मेलं रे?" माणसं हसली. धाकटीच्या चेलोचा आवाज बारीक झाला. मी माझ्या चेलोवर तिच्याच ओळीत शिरले आणि जोरात ओढलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिचाही हात दाबून यायला लागला. मासळीच्या टोपल्या घेऊन गाडीची वाट बघणाऱ्या बायका उठून पुढं आल्या. एकीनं टपरीवरच्या त्या माणसाकडं वळून म्हटलं, "तुझं तोंड मेलं. ऐकू दे."

मधेच श्रीवर्धनची गाडी लागली. आम्ही थांबलो, घोषणा झाली. गाडीत चढलेल्यांपैकी काही खिडकीतून माना बाहेर काढून होते आणि ड्रायव्हरनं इंजिन सुरू करायला जरा वेळच लावला. मग जाखडीची चाल धरली. दोन ओळींत माणसं ओळखू लागली. कुणीतरी टाळी धरली. एक म्हातारा पिशवी खाली ठेवून पाय उचलायला लागला, एकटाच, गोल नसलेल्या गोलात.

तेवढ्यात कुणबी मुलीचा बाप आला. त्याला कुणीतरी फोन केला होता. मोटरसायकल तशीच सोडून तो गर्दीतून पुढं आला आणि तिच्या खुर्चीशी उभा राहिला. "ऊठ," तो म्हणाला. "स्टँडवर बसून? सगळ्या गावासमोर? ऊठ."

मी बो खाली घेतला. "चाल संपू दे."

"बाई, तुमचं तुम्ही बघा. माझी पोरगी हाय."

मुलगी उठली. रडली नाही. तिनं आधी बो ढिला केला, चेलो आडवा ठेवला, मी शिकवलं होतं तसाच, आणि मग बापाच्या मागं गेली. मोटरसायकल वळेपर्यंत ती आमच्याकडं बघत होती. मला वाटलं, झालं, आता दोघीही मोडणार. पण मोठीनंच मान हलवून ठेका धरला. आम्ही तिघींनी ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. रिकामी खुर्ची तिथंच ठेवली.

टाळ्या झाल्या. आबांजवळ गेले तर ते म्हणाले, "दुसऱ्या ओळीत घाई केलीत." मग छडी टेकत उठले आणि मुलींना भजी घेऊन दिली.

त्याचे परिणाम झाले. मुख्याध्यापिकांना अध्यक्षांनी बोलावून झापलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नोकरी टिकवली, आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडं आणखी दोन मुली पाठवल्या. कुणाच्याही नकळत. मला त्या मोठ्यानं बोललेल्या हव्या होत्या, पण प्रत्येकीचा आवाज आपापला. वाडीतल्या काही तरुणांनी मला सुनावलं की ताई, एवढं करायचं होतं तर मोर्चा काढायचा, बाजा कशाला वाजवायचा. मी म्हटलं, तुमच्या मोर्चात मी येते, माझ्या बाज्याला तुम्ही या. एकजण आला.

कुणबी मुलगी त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत आली नाही. तिचा चेलो कपाटात बल्बखाली उभा होता. भातं कापून झाली, तेव्हा एका सकाळी तिची आई दारात आली, एकटीच वाटली. "तिचा बाप म्हणतो, स्टँडवर न्हाय बसायचं. घरात वाजवलं तर?"

"घरात वाजवायला स्टँडवर वाजवणाऱ्या बाईकडंच यावं लागंल. ते सांगा त्यांना."

"तेच सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, पोरगी जेवत न्हाय धड. तेव्हा म्हणाला, जा घेऊन." आणि दारामागं उभ्या असलेल्या मुलीला तिनं हाक मारली. मुलीची बोटं मऊ पडली होती, पहिल्याच तासात तारांनी सोलवटली. मी औषध लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई, उद्या बरी होतील." या सगळ्याला तीन वर्षं होत आली; मोठी आता माणगावला नर्सिंग शिकते आणि सुट्टीत येऊन धाकटीच्या चुका काढते. धाकटी माझ्याही चुका काढते.

मागच्या आठवड्यात हायस्कूलचा शिपाई आला. मुख्याध्यापिकांनी यंदा पुन्हा मुलींचा कार्यक्रम सुचवला होता, या वेळी सभेत, सगळ्यांसमोर. अध्यक्षांनी नाही म्हटलं नाही. त्यांचा एक निरोप होता. तो शिपायानं ओट्याशी उभं राहून पाठ केल्यासारखा सांगितला. "मुली व्यासपीठावर बसू देत. फक्त पुढं फुलांच्या कुंड्या ठेवू. उंच कुंड्या. चालंल का, विचारलंय."

आबा आतून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि धाकटी पाणी घेऊन पळाली.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "कुंड्या छान आहेत. त्या मागं ठेवा, भिंतीला. मुली पुढं बसतील."

"असंच सांगू?"

"असंच. आणि खुर्च्या बिनहाताच्या लागतात, तेही सांगा. हाताच्या खुर्चीत कोपर अडतं."

तो पुटपुटत, विसरू नये म्हणून पुन्हा पुन्हा घोकत, सायकलवरून गेला. उत्तर अजून आलेलं नाही. आमची तालीम रोज संध्याकाळी चालू आहे आणि मी खिडक्या लावत नाही.